केळीच्या बागेतलं भिंग

माझ्या उजव्या डोळ्यात फूल आहे. लहानपणी गोवर निघाला तेव्हा पडलं. म्हणायला फूल, पण दिसायला ताकाचा थेंब वाळून राहावा तसा पांढरा डाग. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. डावा त्या मानाने बरा. त्याने मला माणसं दिसतात, झाडं दिसतात, ताटातली भाकरी दिसते. पण तांदळातला खडा दिसत नाही आणि पुस्तकातलं अक्षर दिसत नाही. भिंग धरलं तर दिसतं. एवढी साधी गोष्ट, आणि ती मी जन्मभर चोरीच्या मालासारखी वागवली. हे कागद मी कोणाला दाखवणार नाही, म्हणून इथे सरळ लिहिते.

पहूरजवळच्या आमच्या खेड्यात चौथीपर्यंत शाळा होती. स्वराज्य मिळालं त्याच्या पुढच्या साली आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला शाळेत घातलं. पहिलीत मास्तर पाटीवर भाकरीएवढं अक्षर काढायचे, ते मला दिसायचं. मी ते गिरवलं, शिकले. दुसरीत अक्षर बोराएवढं झालं. तिसरीत पुस्तकातलं अक्षर मोहरीएवढं झालं आणि माझं वाचन थांबलं. मी पुस्तक नाकाला लावून बसायची. मास्तर म्हणायचे, "पुस्तक वास घ्यायला नसतं, बाई." वर्ग हसायचा. मास्तर वाईट नव्हते. त्यांना वाटायचं, ही पुस्तकाआड झोप काढते.

त्या उन्हाळ्यात मी धुळ्याला फुईकडे गेले. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. ही आबांची थोरली बहीण. तिला मूलबाळ नव्हतं. फुवा, तिचे यजमान, कापसाच्या एका पेढीवर लिहिण्याचं काम करायचे. धुळ्याला दिल्यापासून फुईची बोली पार तिकडची झाली होती, 'आहे'च्या जागी 'शे'. माहेरी आली की आबा चिडवायचे, "आली पाहा शे-वाली! आता बठ्ठं गाव अहिराणी बोलंल."

ती म्हणायची, "बोलू दे ना, भाऊ. तुमनी बोलीनं मले कोनती जहागीर दिधी?"

फुईने मला एकदा तांदूळ निवडायला दिले आणि जेवताना फुवांच्या दाताखाली खडा आला. मग दुसरा आला. दुसऱ्या दिवशी मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथले डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, चष्म्याने हिचं फारसं भागणार नाही, भिंग धरून वाचू दे. मी रडायला लागले तर ते म्हणाले, "अगं, म्हातारपणी सगळ्यांनाच लागतं. तुला जरा आधी लागलं."

फुवांनी बाजारातून भिंग आणलं. पितळी कडं, काळी मूठ. फुईने दारात उन्हात उभं राहून ते आधी स्वतःच्या तळहातावर धरलं आणि म्हणाली, "माय व! हाऊ मना हात शे का नांगरेल वावर?" आम्ही दोघी खूप हसलो. मग मी ते कापराच्या डबीवर धरलं. डबीवरचं बारीक अक्षर उठून माझ्यापाशी आलं. मी ते वाचलं. मग भिंतीवरच्या तसबिरीखालचं वाचलं, चहाच्या पुडीवरचं वाचलं, फुवांच्या टोपीच्या आतला शिक्का वाचला. दिवसभर मी त्या घरात जे जे छापलेलं होतं ते वाचत फिरले. तेव्हा मला लाज नव्हती. मुद्दाम लिहून ठेवते, कारण लाज माझ्याबरोबर जन्मली नव्हती.

शाळा सुरू झाली तशी मी भिंग घेऊन गेले. थोडा वेळ बरं चाललं. मग पुढे बसलेली पोरगी वळली. मी नेमकं भिंग डोळ्यापाशी घेतलं होतं.

"अवं माय! हिचा डोया पाहा, म्हशीएवढा झाला!"

सगळा वर्ग बघायला आला. "इकडे पाह्य वं, इकडे!" फुलाचा डोळा भिंगातून कसा दिसतो हे त्यांना पाहायचं होतं. एकीने पाहिलं आणि ई करून मागे सरली. मधल्या सुट्टीत भिंग माझ्या हातातून गेलं. पोरांनी अंगणात लिंबाचा वाळलेला पाला गोळा करून त्यावर ऊन धरलं. आधी एक काळा ठिपका पडला, मग धूर निघाला. मी घरी पोचायच्या आत ती बातमी घरी पोचली होती.

आमच्या भागात कापूस घरातच भरतात. मनासारखा भाव येईपर्यंत पुढची खोली आढ्यापर्यंत भरलेली असते आणि लहान पोरं त्यावरच झोपतात. त्या खोलीत दिवा न्यायचा नाही. कापूस घरात असला की चूलसुद्धा मागच्या अंगणात जाते. त्या साली गेल्या हंगामाचा कापूस अजून घरातच होता. आबांनी भिंग हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाले, "हा इस्तव हाये. कापसाच्या घरात इस्तव ठेवू कसा?"

माय भाकरी थापता थापता म्हणाली, "कापसाले पाठ लावून बिडी पेता ते चालते, अन् पोरीचं भिंग नही चालत?"

"बिडी माह्या हातात असते. भिंग उन्हाच्या हातात असते."

मायने भाकरी तव्यावर टाकली. कापूस हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा माणूस होता, त्याच्यापुढे आम्ही सगळे धाकटे. पण आबांना भिंग फेकायचंही नव्हतं, बहिणीने दिलेली वस्तू. त्यांनी विचार करून तोड काढली. "केयीच्या बागेत ठेव. ओली जागा. तिथं काही पेटत नही." आणि त्यांनी स्वतः ते फडक्यात बांधून विहिरीजवळच्या खोपीत खुंटीला टांगलं.

असं करून भिंग बागेत राहायला गेलं आणि पुस्तक घरात राहिलं.

आता खरं ते लिहिते. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला बरं वाटलं. मास्तरांनी विचारलं, "भिंग कुठे गं तुझं?" मी म्हटलं, "घरी कापूस आहे, मास्तर." ते स्वतः कापसाच्या घरचे. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा विचारलं नाही. म्हशीचा डोळा असं म्हणणारी पोरंही चार दिवसांत विसरली. एका कापसाने माझं सगळं झाकलं.

पण शाळेत वाचावं तर लागणारच होतं. मग मी माझी एक रीत काढली. सकाळी माय बागेत जायची तेव्हा मी पुस्तक घेऊन तिच्यामागे जायची. केळीखाली हिरवा अंधार असतो, तिथे भिंगाचा उपयोग नाही. विहिरीच्या थारोळ्याजवळ, मोटेचं पाणी पडतं तिथे, ऊन यायचं; तिथे बसून मी त्या दिवसाचा धडा भिंगातून वाचायची आणि पाठ करायची. नुसता धडा नाही. ओळ कुठल्या शब्दावर संपते, पान कुठल्या शब्दाला उलटायचं, चित्र कुठे येतं, हेही पाठ. भिंग पुन्हा खुंटीला टांगायचं आणि शाळेत जायचं. मास्तरांनी उठवलं की मी पुस्तक उघडायची, ओळीखाली बोट धरायची आणि धडधड म्हणून टाकायची. बोट बरोबर जागी चालायचं. मधेच एखाद्या जोडाक्षरापाशी मुद्दाम अडखळायचीसुद्धा, म्हणजे खरं वाटावं. मास्तरांना वाटलं पोरगी सुधारली. चौथीत वर्गात माझ्याइतकं सरळ कोणी वाचत नव्हतं.

शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले त्या दिवशी मास्तरांनी मलाच उभं केलं. कोणता धडा काढायचा हे त्यांनी आदल्या दिवशीच वर्गाला सांगून ठेवलं होतं; तशी पद्धतच होती. मधमाशीचा धडा होता. मी तो वाचला, म्हणजे म्हटला. साहेब म्हणाले, "वा! या मुलीला चौथीवर थांबवू नका." आबा शाळेच्या दाराशी उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. खूप आनंद झाला की ते असं करायचे.

गावात पाचवी नव्हती. जामनेरला होती, पण मुलीला रोज कोण नेणार? फुईला कळलं तसा तिचा निरोप आला, पोर माझ्याकडे पाठवा, मी शिकवते. मायने ऐकलं आणि पदर डोळ्याला लावला. आबा म्हणाले, "साहेबानं सांगितलं हाये. पाठवू." माझं मत कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. मला शिकायचं होतं. हे मी दुसऱ्या कोणापुढे कधी कबूल केलं नाही, पण मला फार शिकायचं होतं.

निघायच्या दिवशी मी खोपीतून भिंग काढून आणलं. मायने परकराला आतून खिसा शिवून दिला होता, त्यात रुमालात गुंडाळून ठेवलं. पहूरहून छोटी गाडी, पाचोऱ्याहून मोठी, चाळीसगावला पुन्हा बदलायची. आबा मला पोचवून उलट पावली परतले.

फुईने घर बदलून टाकलं होतं. उगवतीच्या खिडकीखालची तिची लोणच्याची बरणी, उखळ, सगळं हलवलं होतं आणि तिथे फुवांचं जुनं उतरतं मेज मांडलं होतं, खाली बसून लिहायचं. "आठे ऊन चांगलं येस," मेजाकडे बोट दाखवून ती म्हणाली. "भिंगले ऊन पाहिजे ना?" मेजावर नवी दौत होती. मी दौतीचं झाकण उघडून पुन्हा लावलं. ती मला कुशीत घेऊन म्हणाली, "लाजरी मनी बाई." तिच्या बोलीत मनी म्हणजे माझी.

धुळ्यात मुलींची शाळा फुईच्या घरापासून जवळ होती. फुई त्याआधीच मोठ्या बाईंना भेटून आली होती. पोरीची नजर कमी आहे, पण ती भिंग लावून वाचते, साहेबांनी वाखाणली, असं सगळं सांगून आली होती. मोठ्या बाईंनी म्हटलं होतं, घेऊन या, वाचून घेते, वाचता येत असेल तर बसवू.

आम्ही गेलो. फुईने ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. ते मागे एका जागी रफू केलेलं होतं आणि ती जागा झाकायला ती सारखी पदर ओढत होती. मोठ्या बाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना स्वतःला चष्मा होता. हे मला त्याच दिवशी दिसलं होतं, पण कळलं फार उशिरा. बाजूला मोठ्या वर्गातल्या काही मुली हजेरीची पुस्तकं घेऊन उभ्या होत्या. दोन वेण्या, लाल फिती, पायांत चपला. माझ्या पायांत काही नव्हतं, फुईच्याही नव्हतं. चपला आम्ही बाहेर काढून आलो होतो, देवळात काढतात तशा.

बाईंनी एक पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं. "वाच हं बाळ."

पानावर मुंग्यांच्या रांगा. मी खिशात हात घातला. रुमालातून पितळी कडं बोटांना लागलं. थंड होतं. तेवढ्यात फुई पुढे होऊन म्हणाली, "पोर चांगली वाचस, बाई. एकदम सरसर वाचस."

मुलींपैकी एक दुसरीच्या कानात "वाचस" म्हणाली आणि दोघी तोंड दाबून हसल्या.

माझा हात खिशातून रिकामा बाहेर आला. मी पुस्तकावर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. "मधमाशी फुलाफुलांवर हिंडते आणि मध गोळा करते. तिचे पोळे झाडावर असते." सरळ, न अडखळता. जिथे अडखळायचं ठरलेलं होतं तिथे अडखळलेसुद्धा. खोली गप्प झाली तेव्हा मला वाटलं, जमलं. मग मुली मोठ्याने हसल्या. माझं बोट एका चित्रावरून चाललं होतं. बैलगाडीचं चित्र होतं, असं फुईने नंतर सांगितलं.

मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बाळ, हे या पानावर नाही. तुला घरी कोणी वाचून दाखवायचं का?"

"नही बाई," फुई घाईने म्हणाली, "भिंग लाईसन वाचस ती. काढ ना व भिंग. काढ."

मी मान खाली घातली.

"भिंग आणलंय का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"घरी आहे का?"

"माझ्याकडे भिंग नाही."

फुईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसलं नाही, मला चेहरे तेवढे बारीक दिसत नाहीत. या एका वेळी मला माझी नजर कमी असल्याचं समाधान वाटलं. मोठ्या बाईंनी पुस्तक मिटलं आणि फुईला समजुतीने म्हणाल्या, "आपल्या मुलीचं कौतुक सगळ्यांनाच असतं हो. पण चौथी नीट पक्की करून घ्या. पुढल्या साली आणा." फुईने त्यांना नमस्कार केला आणि आम्ही निघालो. मागून एका मुलीचा आवाज आला, "मधमाशी वाचस!" फुईने पदर ओढायचं सोडून दिलं होतं. रफू उघडं पडलं होतं.

घरी आल्यावर मी पाय धुवायला मोरीत गेले, परकर वर खोचला आणि खिसा दगडावर आपटला. पितळेचा आवाज झाला. फुई दारात उभी होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "लाज कसानी वाटनी तुले? भिंगनी, का मनी?"

मी पाय धुत राहिले. पाय कधीच स्वच्छ झाले होते, तरी पाणी घालत राहिले. ती वाट पाहून आत गेली.

आबा मला न्यायला आले. फुईने त्यांना सांगितलं की शाळेत जागा नाही. माझ्यासाठी ती दुसऱ्यांदा खोटी ठरली. पहिल्यांदा मी ठरवलं, दुसऱ्यांदा ती आपण होऊन. आबा म्हणाले, "साहेबाची चिठ्ठी आणू का?" ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे भाऊ." घरी येऊन मी भिंग पुन्हा खोपीत टांगलं. पुढल्या साली फुईचा निरोप आला, पोर पाठवता का? या वेळी आबांनी मला विचारलं. मी म्हटलं, "मले नही शिकायचं." त्यांनी टोपी काढली, पण झटकली नाही.

नंतर काही वर्षांनी शिंदखेड्याची मंडळी मला पाहायला आली. त्यांचं किराणा दुकान. फुई मुद्दाम आली होती आणि माझ्याशेजारी बसली होती. मुलाच्या मामांनी विचारलं, शिक्षण किती? आबांनी सांगितलं, चौथी, आणि दिपोटीसाहेबांची गोष्टही सांगितली. मामांनी हौसेने गुळाच्या पुडीचा छापील कागद पुढे केला. "मग वाच पाहू बेटा दोन ओळी."

फुलाचं त्यांना सांगितलेलं होतं, डाव्या डोळ्याचं नव्हतं. मी कागद हातात घेतला. मधमाशी मला तेव्हाही पाठ होती.

फुईने माझ्या हातातला कागद हलकेच काढून घेतला आणि म्हणाली, "ती चार माणसांत वाचत नही, भाऊ."

"नको वाचू, नको वाचू," मामा खूश होऊन म्हणाले. "पोरगी जुन्या वळणाची आहे. चांगलं आहे." आणि तिथेच पसंती झाली. माय आत सुस्कारा टाकून देवाला हात जोडत होती.

मंडळी गेल्यावर मी कपबशा गोळा करत होते. फुई जाजम गुंडाळत होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "आते तरी सांग." मोरीच्या दारातला तोच प्रश्न होता.

"काय सांगू, फुई?" मी म्हटलं.

ती हसली. "जाय, कप धू," म्हणाली. यानंतर तिने कधी विचारलं नाही, आणि मी तिला सांगावं इतकी वर्षं ती राहिली नाही. उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. दोन्हींची, फुई. भिंगाची आणि तुमची. तुमच्या "वाचस"ची, रफूची, अनवाणी पायांची. तुम्ही माझ्यासाठी हलवलेल्या बरणीची मात्र नाही.

सासरी ट्रंक उघडली तर साड्यांच्या खाली तोच रुमाल आणि आत भिंग. खोपीतून ते फुईनेच काढून ठेवलं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. शिंदखेड्याच्या त्या घरात कापूस नव्हता. गुळाच्या भेल्या होत्या, मिठाची पोती होती, पेटणारं काही नव्हतं. उन्हाची खिडकीही होती. तरी मी भिंग ट्रंकेतच ठेवलं, दुपारी सगळी निजली की काढायची. पहिल्यांदा काढलं तेव्हाच मला कळलं की धुळ्याच्या शाळेतही कापूस नव्हता. आबांचा नियम त्यांच्या घरापुरताच होता. पुढचा माझा मी केला होता.

हे लिहितानाही डाव्या हातात तेच भिंग आहे. पितळ काळं पडलं आहे, मुठीला चीर गेली आहे. घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे. सुनेला सुईत दोरा ओवायचा असला की ती माझ्याकडून मागून नेते, दारात उभी राहून सगळ्यांदेखत ओवते आणि "घ्या आई" म्हणून परत देते. तिला काही वाटत नाही. मी मात्र बाहेर पावलं वाजली की भिंग पदराखाली घेते आणि कागद उलटा ठेवते.